हॅम्लेटचे सोंग आणि ओफेलियाचे वेड: तालमीसाठी एक उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी उत्तर नेमके कशाचे देत आहे ते स्पष्ट राहील. आपला हौशी संघ शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' मराठीत, सव्वादोन तासांत बसेल इतके कापून, स्पर्धेसाठी बसवतो आहे. बापाच्या खुनाचा सूड घेऊ पाहणारा राजपुत्र हॅम्लेट खरोखर वेडा होतो की शेवटपर्यंत सोंगच करतो यावरून संघात दोन तट पडले आहेत, आणि एका सदस्याने तर आजच्या मानसोपचारातील एका आजाराचे नावही सुचवले आहे. दुसरी अडचण ओफेलियाची, म्हणजे हॅम्लेटचे जिच्यावर प्रेम आहे आणि जी पुढे भ्रमिष्ट होते त्या मुलीची. तिचे काम करणारी मुलगी चौथ्या अंकात केस मोकळे सोडून हसत-रडत रंगमंचभर फिरते, ते खोटे वाटते, आणि तिला नेमके काय सांगावे हे आपल्याला सुचत नाही.

हे नाटक मी दोनदा बसवले आहे. पहिल्या खेपेला, सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मीही 'वेड दाखवण्या'च्याच मागे लागलो होतो. माझा हॅम्लेट डोळे गरागरा फिरवत असे, मध्येच टाळी वाजवत असे, सदऱ्याचे एक टोक बाहेर ठेवत असे. पहिल्या दोन अंकांत प्रेक्षक खूश होते. मग राणीच्या दालनात तो पडद्यामागच्या पोलोनियसला, म्हणजे ओफेलियाच्या बापाला, भोसकतो त्या क्षणाला प्रेक्षागृहात हशा पिकला. प्रेक्षकांनी त्याला विदूषक म्हणून स्वीकारले होते, आणि विदूषकाने खून केला तरी हसूच येते. दोष नटाचा नव्हता. ते सारे मीच त्याच्याकडून करून घेतले होते. पुढे जे लिहितो आहे ते त्या फसलेल्या प्रयोगातून आलेले आहे.

'हॅम्लेट वेडा आहे का?' हा प्रश्न समीक्षकाला वर्षानुवर्षे पुरेल, परंतु नटाला त्याचा उपयोग नाही, कारण 'वेडा असणे' ही करण्याची गोष्ट नव्हे. मी कोणाशी बोलतो आहे, त्याच्याकडून मला काय हवे आहे आणि तिसरे कोण ऐकत आहे, एवढेच नटाला करता येते. गंमत म्हणजे आपल्या संघातील वाद नाटकातील पात्रेही घालतात आणि प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे किंवा सोयीप्रमाणे निदान करतो. पोलोनियसला ते आपल्या मुलीच्या प्रेमाचे वेड वाटते, कारण त्यात त्याच्या घराण्याचे महत्त्व वाढते. हॅम्लेटची आई राणी गर्ट्रूड हिला त्याच्या बापाचा मृत्यू आणि आपले घाईचे लग्न ही कारणे दिसतात, कारण तिच्या मनाला तेच बोचते आहे. रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न या त्याच्या जुन्या मित्रांना त्यात महत्त्वाकांक्षा दिसते. हॅम्लेटच्या बापाचा खून करून राजा झालेला काका क्लॉडियस चोरून ऐकल्यावर स्पष्ट म्हणतो की हे बोलणे थोडे विस्कळीत असले तरी वेडाचे नव्हते, आणि तरीही थोरामोठ्यांच्या वेडावर पहारा हवा असे म्हणून त्याच शब्दाचा राजकीय वापर करतो. थडगे खणणाऱ्याचे मत सर्वांत मजेशीर आहे: राजपुत्राला इंग्लंडला पाठवले ते बरे झाले, तेथे तो वेडा आहे हे कोणाच्या लक्षातच येणार नाही, कारण तेथे सगळेच तसे. म्हणून वेड आहे की नाही हा निकाल इतर पात्रांना देऊ द्या. हॅम्लेटच्या नटाने तो देऊ नये.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगतो. प्रेक्षागृह मोठे असेल तर बारकावे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाहीत आणि थोडी बाह्य खूण लागेल. हॅम्लेटचा नट वयाने लहान असेल तर त्याचा क्षोभ आपोआप विश्वसनीय वाटतो. चाळिशीच्या नटाला तो मिळवावा लागतो. आणि आपण कोणते भाषांतर घेतले आहे यावर बरेच ठरते, कारण या नाटकातील वेड प्रामुख्याने भाषेत आहे.

आपल्याकडे 'वेड पांघरून पेडगावला जाणे' असा वाक्प्रचार आहे, आणि हॅम्लेटची मूळ कथा अगदी तशीच आहे. साक्सो ग्रामातिकस या डॅनिश इतिहासकाराने सुमारे १२०० साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या कथेत आम्लेथच्या बापाचा खून उघडपणे झालेला असतो, मुलगा सूड घेईल ही भीती काकाला आधीपासून असते, आणि म्हणून तो मुलगा अंगाला घाण फासून खुळ्यासारखा वागतो. खुळ्याला कोण मारणार? तेथे सोंगाला सरळ कारण आहे. शेक्सपिअरने मात्र खून गुप्त केला. काकाला संशय येण्याचे कारणच उरले नाही, आणि त्यामुळे सोंग ढाल न राहता उलट लक्ष वेधून घेणारी घंटा झाले. शांतपणे बसला असता तर हॅम्लेट अधिक सुरक्षित राहिला असता. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने १७६५ सालीच तक्रार केली होती की या सोंगाला पुरेसे कारण दिसत नाही, कारण शहाणा राहून करता आले नसते असे काहीच तो त्या सोंगाच्या आधारे करत नाही. जॉन्सनला जो दोष वाटला तो मला तालमीत फार उपयोगी पडला. सोंगाला बाहेरचे कारण नसेल तर आतले असले पाहिजे. बापाचे भूत भेटल्यावर या मुलाला पूर्वीसारखे बोलताच येत नाही आणि खरे बोलण्याची सोय नाही. 'आपण वेड पांघरत आहोत' असे म्हटल्यामुळे त्याला निदान मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळते. माझ्या दुसऱ्या हॅम्लेटला मी एवढेच सांगितले होते की तू सोंग करत नाहीस, सोंगाच्या आडून खरे बोलतोस. त्याच्या हातांची सगळी नाटके त्याच दिवशी थांबली.

आता भाषेकडे येतो, कारण येथे मूळ संहिता स्वतःच दिग्दर्शन करते. हॅम्लेट एकटा असताना किंवा आपला विश्वासू मित्र होरेशिओ याच्याजवळ असताना सहसा वेड्यासारखे बोलत नाही. स्वगतांत तो चिडतो, स्वतःला शिव्या देतो, आणि लगेच आपल्या शिव्यांचीच लाज वाटून थांबतो; हा क्षोभ आहे, वेड नव्हे, आणि प्रेक्षकांना हा फरक कळलाच पाहिजे. इतरांसमोर सोंग सुरू झाले की तो बहुधा पद्य सोडून गद्यात उतरतो. पोलोनियसला तो मासळीविक्या म्हणतो आणि त्यावर पोलोनियसच कबूल करतो की या वेडात काहीतरी पद्धत आहे. जुन्या मित्रांना तो सांगतो की वारा उत्तर-वायव्येकडून असेल तेव्हाच मी वेडा असतो. हे गद्य-पद्याचे अंतर मराठीत बहुतेक वेळा पुसले जाते. आपले भाषांतर सबंध गद्यात असेल तर सोंगाच्या भागाला लयच वेगळी द्यावी लागेल: आखूड, तुटक, प्रश्नाला प्रतिप्रश्न करणारी वाक्ये, आणि स्वगतांना लांब श्वासाची, गुंतत जाणारी वाक्ये.

मराठीकडे मात्र एक हत्यार आहे जे आजच्या इंग्रजीकडे राहिलेले नाही. शेक्सपिअरच्या काळी इंग्रजीतही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद होता. राणीच्या दालनात ती म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांचा फार अपराध केला आहेस. तो उत्तर देतो, आई, तुम्ही माझ्या वडिलांचा फार अपराध केला आहे. तिने जवळिकीने 'तू' म्हटले, त्याने थंडपणे 'तुम्ही' म्हटले, आणि 'वडील' हा एकच शब्द दोन माणसांकडे वळला. आपल्या घरांत मुलगा आईला सहसा 'तू'च म्हणतो, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला हे 'तुम्ही' इंग्रजी प्रेक्षकापेक्षा जास्त टोचते. संहितेत कोण कोणाला कधी तू, तुम्ही आणि आपण म्हणतो याची एक यादी करा. अर्धे वेड त्या यादीतच सापडेल.

याचा अर्थ हॅम्लेट सदैव ताबा राखून असतो असा नाही. भूत त्याला कड्यावर नेऊन बुद्धिभ्रष्ट करील असे होरेशिओने पहिल्या अंकातच बजावलेले आहे, आणि आपल्या दुबळेपणाचा व उदासीचा फायदा घेऊन सैतान तर आपल्याला फसवत नाही ना, ही शंका हॅम्लेट स्वतः बोलून दाखवतो. ही 'उदासी' त्या काळच्या वैद्यकातील आहे. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त हे चार द्रव शरीरात असतात आणि काळे पित्त वाढले की विषाद जडतो, अशी धारणा होती; टिमोथी ब्राइट या इंग्रज वैद्याने १५८६ साली या विषादावर सबंध ग्रंथ लिहिला. आजच्या आजाराचे नाव देण्याला माझा विरोध आहे तो यासाठी की नाव मिळाले की नट लक्षणांची यादी वाजवू लागतो. शिवाय प्रेक्षकांत एखाद्याच्या घरी तो आजार खरोखर असतो, आणि त्याला आपली नक्कल पाहावी लागते. आगरकरांनी १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या 'हॅम्लेट'च्या भाषांतराला 'विकारविलसित' हे नाव दिले होते. 'विकार' या शब्दात मनाचा आवेगही आहे आणि मनाचा बिघाडही, आणि एक दुसऱ्यात केव्हा उतरतो ते सांगता येत नाही. कोणत्याही निदानापेक्षा हा शब्द माझ्या नटांना जास्त कामाला आला.

ताबा सुटण्याच्या जागा मी तीन धरतो: ओफेलियाला मठात जा म्हणून सांगतो तो प्रवेश, राणीचे दालन, आणि ओफेलियाच्या थडग्यात घातलेली उडी. यांपैकी पहिल्यात आपल्याला निर्णय घ्यावाच लागेल. हॅम्लेट तिला मध्येच विचारतो, तुझे वडील कोठे आहेत? ती म्हणते, घरी. पोलोनियस मात्र राजासह लपून ऐकत असतो. हे हॅम्लेटला कळते का, आणि कळत असेल तर केव्हा, याबद्दल संहितेत एकही रंगसूचना नाही. आधीपासून कळले असेल तर सगळी क्रूरता राजाला ऐकवण्यासाठी आहे आणि ओफेलिया निव्वळ साधन ठरते. प्रश्न विचारताना कळले, तिच्या 'घरी' या शब्दाने कळले असे धरले, तर त्याच क्षणी त्याचे खरे काहीतरी मोडते आणि सोंगाला पहिल्यांदा धार येते. मी दुसरा मार्ग घेतला. पडदा हलवण्याची जुनी युक्ती मी वापरली नाही. ओफेलिया फक्त उत्तर द्यायला अर्धा क्षण उशीर करीत असे. कळतच नाही असाही तिसरा मार्ग आहे, परंतु तो पेलायला फार समर्थ नट लागतो.

राणीच्या दालनातील अडचण निराळी आहे. पहिल्या अंकात भूत पहारेकऱ्यांना आणि होरेशिओला दिसते. येथे ते फक्त हॅम्लेटला दिसते, गर्ट्रूडला दिसत नाही. तो तिला आपली नाडी पाहायला सांगतो, ती तुझ्याइतकीच सुरळीत चालली आहे म्हणतो, आणि आपण वेडे नसून युक्तीने वेडे झालो आहोत अशी कबुली देतो. हे सारे पोलोनियसचे प्रेत तेथे पडलेले असताना चालते. नटाने हे वाक्य शक्य तितके शहाणपणाने म्हणावे. भयंकर वाटायचे ते त्या शहाणपणामुळेच वाटते. आणि समुद्रप्रवासाहून परतल्यावर, पाचव्या अंकात, सोंग जवळजवळ संपलेले असते हे नटाला आधीपासून माहीत असू द्या, नाहीतर तो पहिल्या अंकातले चाळे अखेरपर्यंत ओढत नेतो.

हॅम्लेटपुरते इतके पुरे. ओफेलियावर मला अधिक लिहायचे आहे, कारण हौशी प्रयोग बहुधा तेथेच पडतात.

तिच्या प्रवेशाची रंगसूचना तीन जुन्या छापील प्रतींत तीन प्रकारची आहे. १६०३ च्या प्रतीत ती वीणेसारखे ल्यूट वाजवत, केस मोकळे सोडून, गात येते. १६०४-०५ च्या प्रतीत ती केवळ 'येते'. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात ती 'भ्रमिष्ट अवस्थेत' येते. म्हणजे मोकळे केस हा आपल्या मुलीचा शोध नाही. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर ती वेडाची ठरलेली खूणच होती. आपल्या प्रेक्षकाला मात्र मोकळ्या केसांतून अंगात आलेली बाई आठवते, द्रौपदीची प्रतिज्ञा आठवते, आणि तो अर्थ या प्रवेशाला मारक ठरतो. माझ्या ओफेलियाची वेणी घट्ट घातलेली होती, पहिल्या अंकापेक्षाही घट्ट. ते पाहून आमच्या नेपथ्यकाराने 'ही आज शाळेत निघाली की काय' असे विचारले होते, आणि मला नेमके तेच हवे होते.

एलेन टेरी या थोर इंग्रज नटीने १८७८ साली लंडनच्या लायसियम नाट्यगृहात ओफेलिया करण्यापूर्वी वेड्यांच्या इस्पितळात जाऊन निरीक्षण केले होते. तिने नंतर लिहिले की तेथील बहुतेक रुग्ण तिला इतके नाटकी वाटले की त्यांच्याकडून शिकण्यासारखे काही नव्हते. निघता निघता मात्र भिंतीकडे टक लावून उभी असलेली एक तरुण मुलगी तिला दिसली, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते, आणि मग एकाएकी ती हात उंचावून पाकोळीसारखी खोलीभर धावत गेली. आपल्या मुलीला मी ही गोष्ट अवश्य सांगेन, धावण्यासाठी नव्हे, तर आधीच्या त्या रिकाम्या उभे राहण्यासाठी.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ओफेलिया येण्यापूर्वी राणीला तिचे वर्णन सांगितले जाते त्या चार-सहा ओळी. तिचे बोलणे काहीच नाही, परंतु त्याच्या विस्कळीतपणामुळे ऐकणारे अर्थ जुळवू लागतात आणि तिचे शब्द आपापल्या विचारांच्या मापाने ठिगळासारखे जोडतात, असे तेथे म्हटले आहे. दोन तासांचा प्रयोग करताना कात्री प्रथम या ओळींवर चालते, आणि मी आग्रहाने सांगेन की दुसरे काहीही कापा, हे कापू नका. हा प्रवेश कसा बसवावा हे या ओळी दिग्दर्शकाला सांगतात: वेड ओफेलियाने दाखवायचे नाही, ऐकणाऱ्यांनी ते ऐकायचे. राजा लगेच ठरवतो की हे बापाच्या मृत्यूमुळे झाले, कारण तसे ठरले की त्याच्यावर काही येत नाही. आणि तिच्याशी बोलायला हवे, नाहीतर लोकांच्या मनात ती भलत्या शंका पेरील, असेही म्हटले जाते. एक भ्रमिष्ट मुलगी या दरबाराला धोकादायक वाटते. ती भीती रंगमंचावर दिसली की ओफेलियाला ओरडावे लागत नाही.

तिच्या नटीला मी असे सांगितले होते. पहिल्या अंकात ही मुलगी बापाला म्हणते, मी काय समजावे तेच मला कळत नाही. आणि शेवटी, मी आज्ञा पाळीन. तिला प्रत्येकाने काय बोलावे आणि काय बोलू नये ते सांगितलेले आहे. चौथ्या अंकात ती राणीला दोनतीनदा म्हणते, ऐका, नीट ऐका. आयुष्यात प्रथमच ती दुसऱ्याला ऐकायला लावते आहे. तेव्हा पहिले चार दिवस आम्ही तिला खुर्चीवर बसवून, हात मांडीवर ठेवून, हा प्रवेश केला. प्रत्येक वाक्य समोरच्या कोणाला तरी उद्देशून म्हणायचे, शून्यात पाहायचे नाही. शून्यात पाहिले की प्रेक्षकाची सुटका होते. तिने राणीच्या डोळ्यांत पाहून ते अश्लील गाणे म्हटले तेव्हा तालमीच्या खोलीत कोणालाही मान वर करवेना.

गाण्यांबद्दल एक सावधगिरीची सूचना. ती त्या काळची लोकांच्या तोंडची गाणी आहेत: प्रवासाला गेलेला प्रियकर, व्हॅलेंटाइनच्या सकाळी दार उघडून आत घेतलेली आणि मग टाकलेली मुलगी, उघड्या चेहऱ्याने तिरडीवरून नेलेला म्हातारा. दाईने किंवा स्वयंपाकघरातल्या बायकांनी म्हटलेली असावीत अशी. आम्ही ओवीच्या अंगाची चाल घेतली, साथीला काहीच नाही. मुलगी गाणारी असेल तर तिचा आलाप आवरा. नाट्यसंगीताचा वास आला की आपला प्रेक्षक सवयीने 'वन्स मोअर' देईल, आणि मग ओफेलिया संपली.

फुलांचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच. कोणते फूल कोणाला द्यायचे हे संहितेत लिहिलेले नाही. रोजमेरी आठवणीसाठी आणि पॅन्सी विचारांसाठी, हे ती स्वतःच सांगते, त्यामुळे त्यांना मराठी पर्याय शोधण्याची गरज नाही. बडीशेप आहेच. पश्चात्तापाची वनस्पती म्हणून जिचा उल्लेख येतो तिला आपल्याकडे सताप म्हणतात, आणि त्या शब्दात 'ताप' ऐकू येतो हे भाषांतरकाराचे नशीब. ती थोडी सताप स्वतःसाठी ठेवते आणि थोडी दुसऱ्या कोणाला तरी देते. मी ती गर्ट्रूडला दिली, काही दिग्दर्शक राजाला देतात. व्हायोलेट मात्र नाहीत, बाप मेला तेव्हा ती सगळी सुकली. माझ्या प्रयोगात तिच्या हातात काहीच नव्हते. ती रिकामी मूठ पुढे करी आणि दरबाऱ्यांना ठरवावे लागे की घेतल्याचा अभिनय करायचा की नाही. क्लॉडियस अतिशय सफाईने घेत असे.

शेवटचा मुद्दा दोन्ही वेडांना जोडणारा आहे आणि तो तालमीत फार उशिरा लक्षात येतो. पाचव्या अंकात, तलवारींच्या खेळाआधी, हॅम्लेट पोलोनियसचा मुलगा लेअर्टिस याची क्षमा मागतो आणि म्हणतो की तुझा अपराध हॅम्लेटने केला नाही, त्याच्या वेडाने केला. आईजवळ आपण वेडे नसल्याची शपथ घेणारा हाच माणूस. तो खोटे बोलतो, की आता त्याला खरेच तसे वाटते, यावर माझा नट आणि मी दोन आठवडे भांडलो. मग आम्ही हॅम्लेटकडे पाहणे सोडून दिले आणि समोर कोण उभे आहे ते पाहिले. ज्याची बहीण खरोखर भ्रमिष्ट होऊन बुडाली त्याच्यासमोर हा वेडाची सबब सांगतो आहे, आणि त्या सबंध क्षमायाचनेत तिचे नावही घेत नाही. आमचा लेअर्टिस 'वेड' हा शब्द प्रथम ऐकताच तलवारीच्या मुठीवरचा हात काढत असे, आणि हॅम्लेटचे बोलणे संपेपर्यंत तो हात कोठे ठेवावा हे त्याला कळत नसे. ते मी सांगितलेले नव्हते, आणि मी ते बदललेही नाही.